चिमट्याची रेघ

लोथार मेनर्टचे हात बघायला कारखान्यात माणसं यायची, असं त्याची बायको कारोला अजूनही सांगते. सांगताना हसत नाही.

ड्रेस्डेनच्या उत्तरेला, पाइनच्या रानाला लागून, चिप बनवायचा सरकारी कारखाना होता. देशाचे दोन तुकडे होते तेव्हाची गोष्ट. लोथार मिसरूड फुटायच्या वयात तिथं लागला. काम म्हटलं तर साधं. सिलिकॉनच्या चकत्या, बिस्किटाहून पातळ आणि आरशासारख्या गुळगुळीत, चिमट्यानं उचलायच्या, आम्लात सोडायच्या, परत काढायच्या आणि डब्यात उभ्या लावायच्या. चकती पडली की पाळीभर राबलेलं सगळं पाण्यात. भल्याभल्यांच्या हातून पडायची. लोथारच्या हातून नाही. त्याची मुकादमीण नव्या पोरींना त्याच्यासमोर उभी करायची आणि म्हणायची, "ह्याचं मनगट बघा. मेल्यावाणी पडलंय. आन बोटं तेवढी जिती हायेत. असा हात पायजे."

पुढं भिंत पडली, देश एक झाला. पश्चिमेकडून चांगल्या कपड्यातली माणसं आली, कारखाना फिरून बघितला, माना हलवल्या, आणि गेटला कुलूप लागलं. लोथार तेव्हा ऐन उमेदीत होता. पुढची कित्येक वर्षं त्यानं बिअरच्या आणि सोड्याच्या बाटल्यांचे क्रेट घरोघरी पोचवले. त्या कामाला पाठ लागते, हात कसाही असला तरी चालतो. संध्याकाळी तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर कारोलाच्या शिवणाच्या टाचण्या चिमट्यानं उचलून ओळीत मांडत बसायचा. कारोला टाचण्या परत डबीत भरून ठेवायची, दुसऱ्या दिवशी त्याला लागतील म्हणून.

मग रानाच्या त्याच बाजूला एक संशोधन संस्था उभी राहिली, आणि कारखान्यातल्या जुन्या माणसांना, ज्यांना पंप आणि भट्ट्या कळतात अशांना, बोलावणी गेली. लोथारला एक भट्टी मिळाली. हातभर लांबीची क्वार्ट्‌झची नळी, भोवती तापायचं वेटोळं, एका टोकाकडून गॅस आत आणि दुसऱ्याकडून बाहेर. हिला हात लावायचा तो लोथारनंच. हायड्रोजन असतो, भलतंच काही झालं तर छप्पर उडेल, म्हणून संस्थेचा तसा नियमच होता. पण नियम नसता तरी कुणी लावला नसता. सगळे तिला लोथारची चूल म्हणायचे.

चुलीत कार्बनच्या नळ्या उगवायच्या. उगवायच्या हाच शब्द तिथं सगळे वापरतात. आधी चकतीवर प्रकाशाला दाद देणारा लेप द्यायचा, त्यात साच्यातून प्रकाश सोडून भोकं पाडायची, वरून लोखंडाचा थर चढवायचा, मोजायला गेलं तर जेमतेम काही अणूंच्या जाडीचा. मग लेप धुऊन टाकायचा. लेपाबरोबर फालतू लोखंड जातं, आणि भोकांच्या जागी तेवढे ठिपके उरतात. ह्याला ते धुणं म्हणत. ठिपकेवाली चकती कापून तिचे नखाएवढे तुकडे करायचे, आणि तुकडा चुलीत. तापलं की लोखंडाचा थर आकसतो, तेलकट ताटावर पाण्याचे थेंब बनतात तसे त्याचे बारीक मणी होतात. मग कार्बनवाला गॅस सोडायचा. एकेक मणी कार्बन गिळतो आणि एकेक नळी वर ढकलतो. एका ठिपक्यावर लाखो नळ्या, एकमेकींना टेकून, सरळ उभ्या, काळ्याकुट्ट. ठिपका गोल असेल तर खांब गोल, चौकोनी असेल तर चौकोनी. जिथं लोखंड तिथंच उगवणार. बाकी जमीन कोरी.

"ह्याला शेती म्हणत्यात," मोजमापाच्या खोलीतली इनेस म्हणायची. तीही कारखान्यातलीच. "नांगर न्हाई, घाम न्हाई, नुसती पेरणी. आन पीक खायाला येत न्हाई ते न्हाईच."

म्हणून लोखंडाचा विटाळ फार. चुलीच्या खोलीत स्टीलचा चिमटा आणायला बंदी. स्टीलचं टोक तुकड्यावर घासलं तर डोळ्याला दिसणार नाही असं लोखंड मागं राहतं, आणि चुलीत गेलं की त्या ओरखड्यावरही नळ्या उगवतात. प्लास्टिकच्या मऊ तोंडाचे चिमटे वापरायचे. दारावर तशी पाटी लोथारनंच लावली होती, आणि नवा माणूस चुकून स्टीलचा चिमटा घेऊन आला की लोथार त्याला दारातूनच परत धाडायचा. "तुझ्या घरी भाकरी उलटायला ठेव त्यो," म्हणायचा.

थरथर पहिल्यांदा आली ती कॉफीच्या कपात. बशीवर कप टेकवताना किणकिण झाली. लोथारनं खिडकीकडं बघितलं, जणू बाहेरून काही गेलं. मग सही करताना. मग शर्टाची बटणं लावताना. हात नुसता मांडीवर ठेवला की शांत, काही करायला उचलला की सुरू.

त्याला हे ओळखीचं होतं. त्याचा बाप गावात न्हावी होता. लोथार शाळेत असताना बापाचा हात थरथरायला लागला आणि एकेक करून गिऱ्हाईक तुटलं. वस्तरा गळ्यावर फिरवायचा असतो, कोण बसणार? गाव म्हणायचं, मेनर्ट पितो म्हणून थरथरतो. आणि बाप खरंच प्यायचा, सकाळी दुकान उघडण्याआधीच. त्याच्या मयताला आलेल्या माणसांच्या दाढ्या दुसऱ्या गावात केलेल्या होत्या. लोथारनं उभ्या आयुष्यात दारूला तोंड लावलं नाही. नाताळच्या बाजारात सगळे गरम वाइन घ्यायचे, तो पोरांसाठी ठेवलेला सफरचंदाचा गरम रस प्यायचा. इनेस चिडवायची, "आलं बगा आमचं बाळ." तो हसून घ्यायचा.

आता हात थरथरला तर लोक काय म्हणणार, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

प्लास्टिकच्या चिमट्यात तुकडा धरायचा तर दाब अगदी बेताचा आणि एकसारखा लागतो. बोटं थरथरली की मऊ तोंड घसरतं. पानगळीच्या सुमारास त्याच्या हातून पहिला तुकडा पडला. दोन दिवसांनी दुसरा. त्या संध्याकाळी त्यानं घरी माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली, कारखान्यातला आपला जुना चिमटा शोधला, आणि सकाळी तो पांढऱ्या अंगरख्याच्या बाहीत सारून चुलीच्या खोलीत नेला. स्टीलची बारीक धारदार टोकं, तुकडा पकडला की पकडला. हात थरथरला तरी सुटत नाही. फक्त टोक थोडं इकडंतिकडं सरकतं. फार थोडं.

एवढ्या वेळेपुरतं, असं तो स्वतःशी म्हणाला. मग रोज म्हणायला लागला.

त्या वर्षी चुलीवर जास्त करून विब्केचं काम चालायचं. विब्के हाम्बुर्गकडची, उंच, मोठ्यानं हसणारी, पीएच.डी. करायला आलेली. तिच्या मुलखातली तऱ्हा अशी की माणसाला नावानं हाक मारायची आणि वर तुम्ही म्हणायचं. "लोथार, तुम्ही आज माझा तुकडा घ्याल का?" लोथारला त्याची गंमत वाटायची. तो तिला पोरी म्हणायचा.

तिचं काम कानाचं होतं. जन्मतः बहिऱ्या पोरांच्या कानात बसवायच्या यंत्रात तारांऐवजी नळ्यांचे खांब वापरायचे, म्हणजे एवढ्याशा जागेत जास्त सूर मावतील, अशी तिच्या गटाची कल्पना. दुसऱ्या शहरातल्या एका दवाखान्यानं त्यात रस घेतला होता. अट एकच. खांब ठरल्या जागीच हवेत. दोन खांबांच्या मधे एखादी चुकार नळी, एक केस जरी उगवला तरी हा सूर त्या सुरात मिसळणार, आणि पोराच्या कानात नुसता गोंगाट.

आणि केस उगवायला लागले.

गटाचे प्रमुख डॉक्टर ग्रेफे श्टुटगार्टकडचे. माणूस वाईट नाही, पण कायम पुढच्या बैठकीला निघालेला. त्यांनी विब्केच्या फोटोंवर नजर टाकली आणि म्हणाले, "धुणं कच्चं आहे तुमचं. लेप निघताना लोखंडाचे कपचे परत बसतायत. नीट धुवा."

विब्केनं नीट धुतलं. मग आणखी नीट धुतलं. द्रव बदलले, जास्त वेळ भिजवलं, आवाजाच्या लाटांनी हलवून बघितलं. केस उगवतच राहिले, कधी ह्या कोपऱ्यात, कधी त्या.

शुक्रवारी कॉफीबरोबर कुणीतरी आयरशेक, तिकडचा थरांचा केक, आणायचं. असाच एक शुक्रवार, इनेस केक कापत होती. विब्केनं बोटं पसरून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "ह्या हातांना काहीतरी शाप आहे."

"माझी सासू तेच म्हणायची माझ्याविषयी," इनेस म्हणाली. "तिचं पडदं धुतलं हुतं मी. घे, मोठा तुकडा घे, अंगावर काय न्हाई तुझ्या."

लोथारनं आपला कप टेबलावरच ठेवला होता. तो वाकून प्यायला, घोड्यासारखा. कुणाच्या लक्षात आलं नाही.

थंडी सरत असताना एका सकाळी विब्केनं त्याला मायक्रोस्कोपच्या खोलीत बोलावलं. पडद्यावर तिचा तुकडा होता, हजारो पटींनी मोठा. काळ्या खांबांच्या रांगा, शेजारी शेजारी, देवळातल्यासारख्या. आणि त्यांच्या मधून गेलेली एक केसाळ रेघ.

"हे बघा," ती म्हणाली. "कपचे असते तर ठिगळं दिसली असती. ही रेघ आहे. आणि सरळ पण नाही. बघितलंत? नागमोडी आहे. एका मापाची. तुम्ही इतकी वर्षं बघताय, असं कधी पाहिलंय?"

लोथारनं बघितलं. रेघ बारीक करवतीच्या दातांसारखी खालीवर होत गेली होती. दात जवळजवळ एकसारखे. एखाद्यानं लेखणी धरून थरथरत्या हातानं ओढावी तशी. कपात जी किणकिण व्हायची तीच इथं उगवून उभी राहिली होती, आणि पोरीला ती वाचता येत नव्हती.

"धुण्यातच राहिलं असंल काहीतरी," तो म्हणाला.

विब्केनं मान डोलावली. लोथारचा शब्द तिला ग्रेफेंच्या शब्दाहून जड होता, आणि हे त्याला माहीत होतं.

ती परत धुण्याला लागली. शनिवारी येऊ लागली, रविवारी येऊ लागली. तिचं हसू गेलं ते कुणाच्या चटकन ध्यानात आलं नाही, कारण ती खोल्यांत दिसायचीच कमी.

कारोला म्हाताऱ्यांच्या आश्रमात परिचारिका होती. हात थरथरणारी माणसं तिच्या रोजच्या बघण्यातली. तिनं वाट बघितली, नवरा स्वतः सांगेल म्हणून. वसंतात, शहराबाहेरच्या त्यांच्या बागेच्या तुकड्यावर दोघं बटाटे लावत होती, तेव्हा मात्र तिनं खुरपं खाली ठेवलं.

"दोन्ही हातानं कप धरतोस आताशा."

"गार असत्यात हात."

"लोथार, म्या रोज बघते असली माणसं. डाक्टरकडं चल."

"कशापायी? म्हातारा झालोय."

"तुझ्या बाला कुणी न्हेलं न्हाई. तू तरी चल."

बापाचं नाव निघालं तसा त्यानं पुढचा बटाटा उचलला. मग एकदम, बटाटे टाकत टाकत, त्यानं तिला सगळं सांगितलं. बाहीतला चिमटा, रेघ, धुणं.

कारोलानं हातातली माती झाडली. "म्हंजी त्या पोरीला वाटतंय तिचंच चुकतंय."

"आक्टोबरात माझी निवृत्ती हाय. तंवर रेटायचं."

"आन तिचं?"

"तिला काय. शिकलेली हाय. कुठंबी काम मिळंल."

"सांग तिला."

"काय सांगू? बापावर गेलोय म्हनून? एकदा काढलंय मला, कारोला. धडधाकट हात हुते तवा काढलं. आता तर कारणच हातात देऊ?"

"तू पीत न्हाईस, सगळ्यांस्नी ठावं हाय."

"माझ्या बापाला बी आधी सगळे वळखत हुते."

कारोला उठली आणि बादली भरायला नळाकडं गेली. बाकीचे बटाटे तिनं एकटीनं लावले. त्यानं मदतीला हात पुढं केला तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. वाकडी वळ येईल." हे तिनं रागात म्हटलं होतं, आणि म्हटल्यावर तिचं तिलाच लागलं. पण परत घेतलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर दवाखान्याची माणसं येणार असं ठरलं. निदान एक तुकडा कोरा हवा, ग्रेफे म्हणाले, मधली जमीन स्वच्छ, नाहीतर ते दुसरीकडं जातील. विब्केची मुदत त्या कामावरच बांधलेली होती. ते गेले की तीही गेली.

तिनं एक तुकडा तयार केला. चुलीत जाण्याआधी मायक्रोस्कोपखाली ठेवून चहूबाजूंनी तपासला. ठिपके जागच्या जागी, मधे दिसेल असं कणभर काही नाही; न दिसणारं काय ते चुलीतच कळायचं. डबीत ठेवून तो तिनं लोथारच्या हातात दिला, आणि काचेपलीकडं जाऊन उभी राहिली. चुलीच्या खोलीत चूल चालवणाऱ्याशिवाय कुणी थांबायचं नाही, हाही नियमच.

त्या दिवशी लोथारनं प्लास्टिकचा चिमटा घेतला. खरोखर घेतला. कोपर बरगडीला घट्ट लावलं, श्वास धरला आणि डबीतून तुकडा उचलला. वीतभर अंतर न्यायचा होता, बस्स. अर्ध्या वाटेत मऊ तोंड घसरलं, तुकडा फिरला आणि क्वार्ट्‌झच्या तबकाच्या कडेवर अडकला. पालथा नाही झाला. उताणाच होता. नशीब.

"लोथार, ठीक आहे ना?" काचेपलीकडून, भोंग्यातून विब्केचा आवाज.

तेव्हा बोलता आलं असतं. ये पोरी, आत ये, तूच ठेव, हात चालत न्हाई माझा. नियम मोडला असता, पण नियम त्यानं रोजच मोडला होता.

"हाय, हाय," तो म्हणाला. "सगळं झ्याक."

आणि त्यानं काचेकडं पाठ केली, बाहीतून चिमटा काढला, आणि तुकडा अलगद तबकाच्या मधोमध ठेवला. टोक सुटताना किंचित सरकलं. त्याला ते बोटांत जाणवलं. त्यानं तबक आत ढकललं, झाकण लावलं आणि गॅस सोडला. पाठीमागं ती पोरगी त्याच्या पाठीवर भरवसा ठेवून उभी होती.

रेघ ह्या वेळी ऐन मधून गेली, दोन रांगांच्या बरोबर मधून.

दवाखान्याची माणसं सभ्य होती. त्यांनी फोटो बघितले, प्रश्न विचारले, आयरशेकची तारीफ केली आणि गेली. पुढच्या आठवड्यात त्यांचा निरोप आला की ते बेल्जियममधल्या एका गटाबरोबर करार करतायत. ग्रेफेंनी विब्केला आत बोलावून दार लावून घेतलं. दार उघडलं तेव्हा ती नेहमीसारखीच चालत बाहेर आली आणि जिन्यानं खाली गेली. इनेस तिच्यामागं धावली, पण ती सायकलवर बसून गेली होती.

शेवटच्या आठवड्यात विब्के आपलं कपाट रिकामं करत होती. धूळ चालत नाही अशा क्लीनरूमच्या बाहेर कपडे बदलायची लांबट खोली असते, तिथं. लोथार आला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. बूट काढले नाहीत, अंगरखा चढवला नाही. नुसता बसला.

"धुणं चांगलं हुतं तुझं," तो म्हणाला.

ती कपाटात वाकलेली होती. "आता कसलं धुणं, लोथार."

"पयल्यापास्नं चांगलं हुतं. रेघ माझी हाय. चिमट्याची. स्टीलच्या."

ती सावकाश सरळ झाली. त्यानं सांगितलं. फार शब्द लागले नाहीत. सांगून झाल्यावर ती बाकावर बसली आणि हातात एक पांढरा पायमोजा होता तो बोटांभोवती गुंडाळत राहिली.

"कधीपासून?"

"पानगळीपास्नं."

"म्हणजे सगळा हिवाळा."

"व्हय."

"मी पडद्यावर दाखवली तेव्हा तुम्हाला कळलं होतं."

"व्हय."

"मी आईला फोनवर सांगितलं," विब्के म्हणाली, "की माझे हात ह्या कामाचे नाहीत. ती म्हणाली, अगं लहानपणी तू किती छान विणायचीस. मी तिच्यावर ओरडले."

लोथारनं आपला उजवा हात पुढं धरला. तो थरथरत होता, बोटांच्या टोकांपर्यंत.

तिनं तोंड फिरवलं. "ते नका दाखवू मला. मला वाईट वाटेल, आणि मला तुमच्यासाठी वाईट वाटून घ्यायचं नाहीये."

त्यानं हात परत मांडीवर ठेवला. तिथं तो शांत झाला.

मग ती म्हणाली, "माझा एक तुकडा उरलाय. उद्या मी ठेवणार. तुम्ही बाजूला उभे राहून सांगायचं, चुलीला हात लावायचा नाही. आणि त्याआधी ग्रेफेंना सांगायचं. मी येणार नाही तुमच्याबरोबर."

लोथार ग्रेफेंकडं गेला. ग्रेफेंनी चष्मा काढला, पुसला आणि परत चढवला.

"आधी का नाही बोललात, मेनर्ट?"

"तुमाला वाटलं असतं, पितोय."

"मी असं म्हणालो असतो?"

लोथारनं प्रामाणिकपणे आठवून बघितलं, म्हणजे न घडलेलं आठवता येतं तेवढं. "ठावं न्हाई, साहेब."

"मी म्हणालो असतो, विब्केला तुकडा ठेवू द्या. परवानगीचा एक कागद केला असता. एका दुपारचं काम होतं ते." ग्रेफे खिडकीशी गेले. "बस्स, एवढंच म्हणालो असतो."

लोथारला अजून कुणी बस म्हटलं नव्हतं.

"दवाखान्याला कळवाल न्हवं?" त्यानं विचारलं.

"काय कळवू? की आमच्या दारावर पाटी आहे आणि पाटी लावणाराच स्टील आत नेत होता? करार झालाय त्यांचा." ग्रेफे वळले. "बाहेर कुणाशी बोलू नका. तुमच्याच भल्याचं आहे. चूल आजपासून तुमच्याकडं नाही. भांडारात माणूस हवाच आहे, निवृत्तीपर्यंत तिथं बसा."

दुसऱ्या दिवशी ग्रेफेंनी दोघांच्या नावानं परवानगीचा कागद दिला आणि विब्केनं तुकडा ठेवला. लोथार तिच्या डाव्या हाताला उभा होता, हात पाठीमागं बांधून. "मनगट ढिलं सोड," तो म्हणाला. "आणखी. हां. आता बोटांनी." तुकडा तबकावर टेकला, पानावर पान टेकावं तसा. तिचा हात चांगला होता. कारखान्यात असती तर मुकादमिणीनं हिलाच उभी केली असती, असं त्याच्या मनात आलं, आणि ते बोलून दाखवायचा आपला हक्क आता उरला नाही हेही.

पडद्यावर खांब उभे राहिले, रांगेत, काळे, ठरल्या जागी. मधली जमीन कोरी. विब्केनं तुकडा पुढं सरकवला, मागं आणला, कडेकडेनं फिरवला. कुठं काही नव्हतं. ती फार वेळ बघत बसली. लोथारला वाटलं होतं ती रडेल, किंवा त्याला काही बोलेल. ती म्हणाली, "बरं," आणि यंत्र बंद केलं. शनिवारी ती उत्तरेला निघून गेली. तिकडं ती पवनचक्क्यांच्या कंपनीत लागली असं इनेसकडून कळलं.

कारोलानं त्याला शेवटी डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी त्याला कागदावर गोगलगाईच्या शंखासारखी वेटोळी काढायला लावली, कप उचलायला लावला.

"घरात आणखी कुणाला होतं?"

"बापाला."

"हे रक्तातून येतं. जिवाला धोका नाही. गोळ्यांनी थोडं कमी होईल. वडील प्यायचे का?"

लोथार ताठ झाला. "लई."

"हो, असतं तसं," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. "ह्या दुखण्यात एक घोट घेतला की तासभर हात स्थिर होतो. पुष्कळांना ते आपलं आपल्यालाच सापडतं. विशेषतः ज्यांचं काम हाताचं असतं त्यांना."

परतीच्या ट्राममध्ये तो खिडकीपाशी बसला. उतरायचं ठिकाण आलं तेव्हा कारोलानं त्याच्या दंडाला हात लावला. तो उठला नाही. तीही मग बसून राहिली, आणि ट्राम त्यांना रानाच्या कडेपर्यंत घेऊन गेली, जिथं ती फिरते.

त्याची निवृत्ती आली तेव्हा इनेसनं केक आणला. ग्रेफे दोन शब्द बोलले, चांगले बोलले. पण त्याआधीच, उन्हाळ्यात, संस्थेनं पाहुण्यांसाठी मधल्या ओसरीत फोटो लावले होते, काचेत, दाराएवढे मोठे. सगळ्यात पुढं विब्केचा तो शेवटचा तुकडा. माणसं थांबून बघायची, इतकं नेमकं कसं उगवतं म्हणायची. तिथल्या रिवाजाप्रमाणे फोटोखाली नावं होती, नमुना करणाऱ्याचं आणि चुलीवरच्याचं. विब्केचं, आणि त्याखाली लोथार मेनर्टचं. कुणीतरी नेहमीच्या सवयीनं टाकलेलं.

ते काढा असं तो कुणाला सांगू शकला नाही, कारण मग का ते सांगावं लागलं असतं. भांडारात बसण्याचे उरलेले महिने तो ओसरीतून गेला नाही. गॅसच्या टाक्यांच्या अंगणातून मागच्या लोखंडी जिन्यानं चढायचा, कठड्याला धरून, पाऊस असला तरी.

"पुढून का येत न्हाईस रं?" इनेसनं एकदा विचारलं. "भिजतोस नुसता."

"हिकडून जवळ पडतं," लोथार म्हणाला.

पडत नव्हतं.